छाटलेली बाग : स्वतःला देवाच्या हाती देणं म्हणजे नेमकं काय?

आजच्या भागात जे बोललो ते इथे लिहून काढलंय. बोलताना जिथे अडखळलो तिथे थोडं सरळ केलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

गेल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "दादा, उपासनेत आपण सारखं म्हणतो की प्रभू, मी स्वतःला तुझ्या हाती देतो. पण म्हणजे सोमवारी सकाळी उठून नक्की काय करायचं?" प्रश्न चांगला आहे, आणि खरं सांगू का, मला स्वतःलाही याचं उत्तर बरीच वर्षं माहीत नव्हतं. मी रविवार शाळेत वाढलोय, युवक संघात गिटार वाजवतो, समर्पणाची गाणी शेकडो वेळा गायलोय. तरीही.

आपण घरी पाहुणे आले की वायफायचा पासवर्ड देतो. पण राउटरचा ॲडमिन पासवर्ड देतो का? नाही. पाहुण्याने नेट वापरावं, सेटिंगला हात लावू नये. मी देवालाही असाच पाहुणा करून ठेवला होता. माझ्या घरात ये, आशीर्वाद दे, पण सेटिंग माझ्या हातात. आज यावरच बोलायचंय. आधी माझी गोष्ट सांगतो, मग पंडिता रमाबाईंची, आणि मधे एका द्राक्षबागेत जाऊ.

सहा आठवडे चालू असलेला लॅपटॉप

मी इथे कोल्हापुरातच राहून एका कंपनीचं काम घरून करत होतो. एक वर्ष फेब्रुवारीच्या शेवटी वीस मिनिटांचा एक कॉल झाला आणि आमची अख्खी टीम कमी केली. त्या दिवशी संध्याकाळी आईने विचारलं, "आज लवकर संपलं का रे काम?" मी म्हणालो, "हो."

बस, तिथून सुरू झालं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी लॅपटॉप उघडला, दार लावून घेतलं आणि बसलो. तिसऱ्या दिवशीही. अर्ज करत होतो, मुलाखती देत होतो, पण घरी कुणाला काही सांगितलं नाही. सहा आठवडे! आणि या सहा आठवड्यांत मी दर शनिवारी युवक संघात प्रार्थना चालवत होतो. त्यात एकदा विषय कुठला होता माहितीये? देवावर भरवसा.

माझी खासगी प्रार्थना मात्र वेगळी होती. "प्रभू, महिनाअखेर ऑफर येऊ दे, मग मी सगळ्यांना साक्ष देईन." बघा, हा सौदा होता. यात नोकरी देवाच्या हाती दिलीच नव्हती. आणि त्याहून आतली एक गोष्ट तर मी प्रार्थनेत आणलीही नव्हती. ती म्हणजे माझं नाव. आमच्या मंडळीत उपासना संपली की बाहेर चहा असतो. तिथे कुणी ना कुणी विचारतंच, "काय, सध्या कुठं?" त्या प्रश्नाला मला ताठ मानेने उत्तर द्यायचं होतं. शिकलेला, कमावणारा, बाबांनी चारचौघांत ज्याचं नाव घ्यावं असा मुलगा. हे मला सोडायचं नव्हतं. पगारापेक्षा हे जास्त घट्ट धरलं होतं.

म्हणून पहिली गोष्ट ही लक्षात घ्या. समर्पण म्हणजे "सगळं तुझंच आहे प्रभू" असं मोघम म्हणणं नाही. "सगळं" म्हटलं की त्यात काहीच येत नाही. आपण ज्या एका गोष्टीवर मूठ आवळून बसलोय, तिचं नाव घेऊन मूठ उघडणं, तिथून समर्पण सुरू होतं.

एप्रिलमधली बाग

त्याच एप्रिलमध्ये माझा एक मित्र मला त्याच्या गावी घेऊन गेला. तासगाव तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे. सांगली-तासगावकडचे श्रोते असतील त्यांना मी सांगायची गरज नाही, पण मुंबई-पुण्यातल्यांसाठी सांगतो. आपल्याकडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एक एप्रिलमध्ये, तिला खरड छाटणी म्हणतात. दुसरी ऑक्टोबरच्या सुमाराला, ती फळ छाटणी. पीक मात्र एकच, ते फेब्रुवारी-मार्चकडे निघतं.

मी गेलो तेव्हा खरड छाटणी नुकतीच झाली होती. या छाटणीत ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या जाड फांदीवर, एखाद-दुसरा डोळा ठेवून जुन्या काड्या काढून टाकतात. हिरवं पान दिसत नाही. तारांवर नुसती वाळकी लाकडं टांगल्यासारखी दिसतात. माझी मनःस्थिती तशी होती म्हणून असेल, पण मी मित्राच्या वडिलांना म्हणालो, "काका, बाग मेल्यासारखी वाटते."

काका हसले. म्हणाले, "पोरा, दिसतिया तशी, खरं येलीचं काम आत्ताच हाय. आता फूट ईल, तिची काडी हुईल, आणि त्या काडीत ह्याच उन्हाळ्यात घड बसतोय. डोळ्यांनी दिसायचा न्हाई. आत्ता काडी कच्ची ऱ्हायली तर आक्टोबरात कितीबी चांगली छाट, घड निघायचा न्हाई."

नंतर मी याबद्दल वाचलं. काकांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत नव्या काडीच्या डोळ्यांमध्ये सूक्ष्म घड तयार होतात. पुढच्या फेब्रुवारीत आपण जे द्राक्ष खातो त्याचा निर्णय आदल्या मे-जूनमध्ये झालेला असतो. तेव्हा बागेत फळाचा मागमूसही नसतो.

आता योहानाच्या शुभवर्तमानाचा 15 वा अध्याय उघडा. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू शिष्यांशी बोलतोय. तो म्हणतो, मी वेल, तुम्ही फांद्या, आणि माळी माझा पिता. मी हा अध्याय लहानपणापासून वाचतोय, आणि नेहमी 'फळ द्या' एवढीच आज्ञा मला ऐकू यायची. म्हणजे अजून एक टार्गेट! पण नीट वाचलं तर त्या उताऱ्यात फांदीला फळ तयार करायचं काम दिलेलंच नाही. तिला दिलेलं काम एकच आहे, वेलीत राहायचं. फळ हा त्या राहण्याचा परिणाम आहे.

अजून एक गंमत आहे. दुसऱ्या वचनात माळी फळ देणारी फांदी साफ करतो, छाटतो असं आहे, आणि लगेच तिसऱ्या वचनात येशू शिष्यांना म्हणतो की तुम्ही शुद्ध झालेले आहात. मूळ ग्रीकमध्ये या दोन्ही ठिकाणचे शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत. छाटणं आणि शुद्ध करणं, एकाच कुळातले शब्द. आणि लक्षात घ्या, ही छाटणी फळ देणाऱ्या फांदीची आहे. म्हणजे छाटलं जाणं ही प्रत्येक वेळी शिक्षाच असते असं समजायचं कारण नाही.

फळ म्हणजे काय, हेही इथेच सांगून टाकतो. आपण पटकन म्हणतो, नोकरी लागली, व्हिसा मिळाला, घर झालं, फळ मिळालं. या गोष्टी देवाची देणगी असू शकतात. पण पौल गलतीकरांना लिहिताना पवित्र आत्म्याचं फळ सांगतो तेव्हा नऊ गोष्टींची नावं घेतो. त्यात प्रीती आहे, आनंद आहे, सहनशीलता आहे, सौम्यता आहे, स्वतःवरचा ताबा आहे. पगाराचा आकडा त्यात कुठेच नाही. फळ म्हणजे आपला स्वभाव हळूहळू ख्रिस्तासारखा होणं, आणि त्या स्वभावातून दुसऱ्याच्या ताटात काहीतरी पडणं. वेल स्वतःची द्राक्षं स्वतः खात नाही ना!

रमाबाईंची आठ वर्षं

आता रमाबाई. आपल्या महाराष्ट्रात समर्पण या शब्दाचा अर्थ कुणाच्या आयुष्यात बघावा तर पंडिता रमाबाईंच्या.

त्यांचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं, आणि आईने ते रमाबाईंना शिकवलं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. पुढे कलकत्त्यात विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. लग्न झालं, मनोरमा ही मुलगी झाली, आणि 1882 मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी कॉलऱ्याने वारले. विशीतली विधवा, कडेवर लहान मुलगी.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं. पण कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत सोडून द्यावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता आपल्याला वाटेल, झालं, समर्पण पूर्ण! पण रमाबाईंनी स्वतः 1907 साली लिहिलेल्या साक्षीत वेगळंच सांगितलंय. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय पण स्वतः ख्रिस्त अजून सापडलेला नाही. धर्म बुद्धीला पटला होता, आणि बुद्धी त्यांची केवढी! पण जीव कुणाच्या तरी हातात सोडून दिलाय, ती विश्रांती मिळाली नव्हती. 1891 च्या सुमाराला त्यांनी स्वतःला जशी आहे तशी ख्रिस्ताच्या हाती दिलं.

आणि मग काय झालं? सगळं सुरळीत झालं का? उलट झालं. त्यांनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं होतं, विधवा आणि मुलींच्या शिक्षणासाठी. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं ठरलेलं होतं. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडं ठेवून करायच्या आणि काही मुली येऊन बसायच्या. त्यावरून वाद पेटला. 1893 मध्ये रानडे, भांडारकरांसारख्या मोठ्या सुधारकांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. त्या लोकांच्या बाजूनेही विचार करा, मुलींच्या धर्मांतराची त्यांना खरीच भीती वाटत होती. पण रमाबाईंच्या बाजूने बघितलं तर समर्पणानंतर दोन वर्षांत बाग बोडकी.

याच काळात त्यांनी पुणे जिल्ह्यात केडगावला जमीन घेतली. कशासाठी? फळबागेसाठी! अमेरिकेतल्या मदतनिधीची मुदत दहा वर्षांची होती. ती संपल्यावर बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं, असा साधा, व्यवहारी हिशोब होता. प्रार्थना करणारी ही बाई हातावर हात ठेवून बसलेली नव्हती.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून वाचवलेल्या सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. तिथून मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या सुमारास गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथल्या लोकांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. संत्री-लिंबांसाठी घेतलेल्या जमिनीवर माणसं जगली. हे त्यांच्या हिशोबात नव्हतं.

मला हे वाचून असं वाटतं, देव आपला प्लॅन फाडून टाकतोच असं नाही. जमीन घेणं बरोबरच होतं, बाग लावणंही बरोबर होतं. फक्त त्या जमिनीत काय पिकणार हे ठरवायचा हक्क त्यांनी आपल्याकडे ठेवला नव्हता. काम आपण करायचं, अगदी मन लावून, आणि निकालावरची मालकी सोडायची. माझ्यासाठी समर्पणाची याहून सोपी व्याख्या नाही.

आणि शेवट बघा. चाळिशी उलटल्यावर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र द्यायचं होतं. पुढची बरीच वर्षं हे काम चाललं. मुक्तीतल्या बायकांनीच ते छापखान्यात जुळवलं. 1921 च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. आईचं काम पुढे नेईल अशी आशा जिच्यावर होती, ती एकुलती एक मुलगी. रमाबाई काम करत राहिल्या, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्याही गेल्या. संपूर्ण भाषांतर प्रसिद्ध झालं 1924 मध्ये. त्यांना ते बांधलेलं पुस्तक हातात घेता आलं नाही. म्हणून म्हणतो, फळ कधी दिसेल हाही आपला हक्क नाही.

कुणाच्या हाती?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण या विषयावर बोलणारे बरेच जण ती सांगत नाहीत. देवाला शरण जाणं आणि माणसाला शरण जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

रमाबाई याचं उत्तम उदाहरण आहेत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक आईसारख्या होत्या. रमाबाईंचं त्यांच्यावर प्रेम होतं. पण सिद्धान्त पटला नाही तर त्या पत्रांमधून त्यांच्याशी सरळ वाद घालायच्या. मी ख्रिस्ताला मानते, पण माझी सद्सद्विवेकबुद्धी कुणा बिशपकडे गहाण टाकणार नाही, असा त्यांचा एकूण सूर. ही पत्रं 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने पुस्तकरूपात काढली आहेत. मिळाली तर जरूर वाचा.

त्यामुळे कुणी म्हणालं, "समर्पण केलंयस ना, मग प्रश्न विचारू नकोस," तर सावध व्हा. "औषध बंद कर, विश्वास ठेव" असं कुणी म्हणालं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळीही सोडू नका. घरात मार खाणाऱ्या बाईला "सहन कर, हेच समर्पण" असं सांगणारा देवाच्या नावाने बोलत असला तरी देवाचं बोलत नाही. माळी पिता आहे. कात्री त्याच्या हातात शोभते, प्रत्येकाच्या हातात नाही.

सोमवारी सकाळी

मग परत त्या प्रश्नाकडे येऊ. सोमवारी सकाळी काय करायचं?

गेथसेमाने बागेत येशूने काय केलं ते बघा. आधी त्याने स्वतःला काय हवंय ते मोकळेपणाने बापाला सांगितलं. हा प्याला टळावा असं त्याला वाटत होतं, आणि ते त्याने लपवलं नाही. मग स्वतःची इच्छा बापाच्या इच्छेखाली ठेवली. मत्तय सांगतो की त्याने ही प्रार्थना तीन वेळा केली. विचार करा, खुद्द येशू त्या रात्री तीनदा त्याच प्रार्थनेकडे गेला, तर तुम्हाआम्हाला ती रोज करावी लागली तर त्यात लाज कसली? लूकच्या 9 व्या अध्यायात आपला वधस्तंभ उचलण्याबद्दल येशू बोलतो तिथे 'दररोज' हा शब्द आहे. एकदा सही केली की संपलं, असा हा करार नाही.

मी तासगावहून परत आलो त्या रात्री अशीच प्रार्थना केली. पहिल्यांदा खरं बोललो. "प्रभू, मला नोकरी हवी आहे. पण त्याहून जास्त मला लोकांसमोर पडायचं नाहीये. हे माझं नाव, हे तू घे. मला ते ठेवता येत नाहीये." आवाज आला नाही, प्रकाश पडला नाही. पण उठल्यावर पुढचं पाऊल कुठलं हे कळलं होतं, आणि ते फार जवळ होतं. आमच्या स्वयंपाकघरात.

जेवताना मी म्हणालो, "बाबा, माझी नोकरी फेब्रुवारीतच गेली. मी खोटं बोलत होतो."

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "मला तिसऱ्या आठवड्यातच कळलं होतं. तुझ्या खोलीतून मीटिंगचा आवाज बंद झाला होता. तू कधी सांगतोस याची वाट बघत होतो."

आई काही बोलली नाही, तिने ताटात अजून थोडा भात वाढला. त्यानंतरच्या शनिवारी युवक संघातही सांगितलं. सांगून झाल्यावर एक मुलगा थांबला. तो स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाला होता आणि त्याने घरी निकाल लागलाच नाही असं सांगितलं होतं. आम्ही दोघं रंकाळ्यावर जाऊन बराच वेळ बसलो. मी भरवशावर दिलेल्या कुठल्याही भाषणानंतर असं कुणी थांबलं नव्हतं.

नोकरीचं म्हणाल तर पुढे मिळाली, पगार आधीपेक्षा कमी. पण मी तिला या गोष्टीचा शेवट म्हणत नाही. ती मिळाली नसती तरी हा भाग मी केला असता. आणि खरं सांगतो, ते नाव मी अजूनही अधूनमधून परत मागून घेतो. चहाच्या वेळी कुणी "सध्या कुठं?" विचारलं की छाती थोडी पुढे येते. मग रात्री पुन्हा तीच प्रार्थना.

तर या आठवड्यासाठी एवढंच. एक कागद घ्या. त्यावर फक्त एक ओळ लिहा : माझी मूठ कशावर आवळलेली आहे? मुलांचं करिअर असेल, लग्न असेल, एखाद्यावरचा राग असेल, मंडळीतलं पद असेल. तिचं नाव घेऊन प्रार्थना करा. आणि प्रार्थनेनंतर जे एक पाऊल स्पष्ट दिसेल, मग तो फोन असो, माफी असो, की ताटावरचं एक खरं वाक्य, ते त्याच दिवशी टाका.

आणि आत्ता तुमची बाग बोडकी दिसत असेल, तर कदाचित एप्रिल चालू असेल. वेलीत राहा.

चला, प्रार्थना करू. हे पित्या, आम्ही जे धरून बसलोय ते तुला माहीत आहे, ते सोडायची भीतीही तुला माहीत आहे. आमच्या मुठी तू हळूहळू उघड. आम्हाला तुझ्या पुत्रात ठेव, आणि ज्याला भूक लागली आहे त्याच्यापर्यंत फळ पोहोचू दे. येशूच्या नावाने, आमेन.

पुढच्या भागात याच 15 व्या अध्यायातल्या 'राहणे' या शब्दावर सविस्तर बोलू. तोपर्यंत सलाम, काळजी घ्या.